काचवाल्याचं मत

मे महिन्यात दोन ते पाच दुकान बंद.
बेचाळीसपर्यंत मी इतवारीतच असतो,
पारा पंचेचाळीसच्या वर गेला की सिनेमाला जातो.
कोणता, ते तिकीट काढल्यावर वाचतो.
म्हणून माझ्या मताला फार किंमत देऊ नका.
एकशे ऐंशी रुपये, दुपारचा दर, तेवढीच.

परवाचा मारामारीचा होता.
नायक एक, गुंड साठ,
आणि काच, काय सांगू, काच किती!
हॉटेलचा अख्खा दर्शनी भाग, बारा मिलिमीटर टफन,
एका गुंडाच्या डोक्यानं फोडला.
मी पवनच्या कानात म्हटलं, हे डोकं आपल्याकडे कामाला पाहिजे.
पवन म्हणाला, सेठ, पाहू द्या ना बे.
सेठ आणि बे, एकाच वाक्यात.
पोरगा चांगला आहे.

टफन काच अशी फुटत नसते.
कोपऱ्याला नखाएवढं लागलेलं असते कधीतरी,
महिने जातात,
मग रात्री दोनला, कोणी हात न लावता,
सगळी एकदम खाली, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी.
नायक मात्र सुऱ्यांएवढ्या तुकड्यांतून चालत आला,
शर्टाची इस्त्री शाबूत.
माझ्या डाव्या तळव्यावर सात टाके आहेत, एका खिडकीचे.
धंतोलीत आहे ती. तिच्यात आता कोणीतरी मांजर बसवते.

मध्यंतरापर्यंत हिशोब लावला:
सतरा लाख, फिटिंग वेगळं.
आणि पुढच्याच प्रसंगात हॉटेल पुन्हा धडधाकट!
एका रात्रीत कोणी लावली रे?
त्या माणसाचं नाव शेवटच्या पाट्यांत शोधत बसलो.
झाडूवाली आली, म्हणाली, उठा भाऊ, पुढचा शो आहे.

त्याआधी कुंदासोबत कुटुंबाचा पाहिला.
त्यात काहीच फुटत नाही.
वीस खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, त्यावर एक वाटीसुद्धा नाही फुटत.
वडिलांना झटका येतो मध्यंतराला,
गाण्यापर्यंत ते बरे होतात,
आणि दोन भाऊ दवाखान्याच्या वऱ्हांड्यात
एकमेकांच्या गळ्यात पडतात.
दवाखान्यात भांडणं मिटतात, हे यांना कोणी सांगितलं?
मेडिकलच्या वऱ्हांड्यात, बापूजी आत असताना,
पावती कोणाच्या नावानं फाडायची इथून सुरू झालं आमचं,
आणि दुकान कुठून कापायचं इथवर आलं.
मोरेश्वर म्हणाला, मधून.

मापही मीच घेतलं.
पार्टिशन, आठ मिलिमीटर, जमिनीपासून छतापर्यंत.
दुधी लाव, तो म्हणाला, दिसायला नको.
मी साधी लावली.
सांगितलं, दुधी स्टॉकमध्ये नाही.
चौदा शीट मागे उभ्या होत्या, पोत्यानं झाकलेल्या.
त्याला माहीत होतं. स्टॉक त्यानंच लिहिला होता.

कुंदा रुमाल शोधत म्हणाली, असं असते का कुठं?
मी म्हटलं, फोटोग्राफी चांगली आहे.

तर मत असं:
मारामारीचा पाहायला हरकत नाही, एसी थंड आहे,
पॉपकॉर्न घेऊ नका, तेवढ्यात तर्री-पोह्याच्या आठ प्लेटी येतात.
कुटुंबाचा एकट्यानं पाहू नका.
कोणासोबतही पाहू नका.

एक राहिलं.
परवाच्या सिनेमात शेवटी नायक आरशावर गोळी झाडतो.
आरसा चूर, मागच्या भिंतीला भोकही नाही.
हॉलमध्ये चिडीचूप, श्वास रोखलेले.
मी हसलो.
आणि तीन रांगा पुढे आणखी एक जण हसला,
शेवटी उचकी लागते तसा, बापूजी हसायचे तसा.
दोन ते पाच त्याचंही दुकान बंद असते,
काचेतून दिसतेच मला.

पवन म्हणाला, सेठ, ते मोरूसेठ ना?
मी म्हटलं, पाहू दे ना बे.