दोन पुंगळ्या

स्वारगेटहून भोसरीची बस.
मांडीवर येझदीच्या दोन पुंगळ्या, चादरीत गुंडाळलेल्या,
टोकं बाहेर, काळी, तेलकट.
कंडक्टर म्हणाला, "लगेज लागेल."
"मांडीवर आहे की."
"मांडीवर पोर असतं तर गोष्ट वेगळी,"
आणि तिकीट हातात ठेवलं.

शेजारच्या बाई दापोडीपर्यंत नाकाला पदर लावून बसल्या.
मग राहवेना. "गाडी कुठंय मग?"
घरी, म्हटलं. विटांवर.
त्यांनी पदर काढला,
जरा कीव केल्यासारखं बघितलं.

एमआयडीसीत, पत्र्याच्या तिसऱ्या शेडमध्ये, मुजावर.
पुंगळी कानाशी धरून पान्याने टिचकी मारतात,
नारळ बघावा तशी.
"आधी कॉस्टिकमध्ये शिजवणार. आतली काजळी निघेल.
मग वाळूचा मारा. मग गनने दोन हात.
मग भट्टीत, अडीचशेवर, तासभर."
सिरॅमिक म्हणजे लोणच्याच्या बरणीचं असतं तेच का?
"मावसभाऊ समजा."

वाकणापाशी क्रोम निळं पडलेलं,
निळ्याच्या कडेला सोनेरी, मग जांभळट.
बाबा त्याला वरंधचा रंग म्हणत.
एकेका घाटाची एकेक रेघ, म्हणत,
आणि आम्ही बोटाने मोजायचो, गाडी थंड असताना.
मुजावर म्हणाले, "घाटाबिटाचं काही नसतं,
मिक्श्चर लीन झालं की पडतं निळं."
मी काही बोललो नाही.
साडेसहा हजार देणार होतो,
वर वादही घालायचा म्हणजे.

उजव्या पुंगळीवर दोर होता.
"हे कोणी बांधलं?"

वृंदा नऊ वर्षांची होती. खडकी बाजारात
उतरताना तिची पोटरी टेकली.
बाबांनी आधी टूथपेस्ट लावली, मग बर्फाचा गोळा विकत घेऊन लावला,
लाल रंगाचा, दुसरा नव्हता,
त्यामुळे किती भाजलंय तेच कळेना.
रात्री त्यांनी सुतळी गुंडाळली पुंगळीला.
ती दुसऱ्या दिवशी संगमवाडीच्या पुलावर पेटली.
मग कारखान्यातून अ‍ॅस्बेस्टॉसचा दोर आणला,
रविवारची सकाळ घालवून वेढे घातले,
प्रत्येक चार बोटांवर तार पिळली.
सॉरी वगैरे आमच्यात म्हणत नाहीत.

"वडिलांनी," म्हटलं.
मुजावरांनी पक्कड घेतली, थोडं पाणी शिंपडलं,
तोंडाला फडकं बांधलं, मलाही मागं सरकवलं.
"तार काय पिळलीय," ते फडक्यातून म्हणाले,
"मशीनवर पिळल्यासारखी."
एकेक तोडत गेले.
दोर खाली पडला, भिजलेला, राखाडी.
"आणि बघा, सगळ्यात जास्त गंज याच्याच खाली.
पाणी धरून ठेवतो ना दोर.
बांधणाऱ्याला वाटतं झाकलं म्हणजे झालं."
एका जागी बोट घातलं, आरपार गेलं.
"इथं ठिगळ मारावं लागेल. तीनशे जादा."

नवव्या दिवशी फोन आला.
पुंगळ्या लोखंडी जाळीवर, काळ्या, कोरड्या,
तव्यापेक्षा मऊ दिसणाऱ्या.
निळं नाही, सोनेरी नाही. वरंध गेला.
ठिगळाची जागा शोधली, सापडली नाही.
"आतली ऊब आता आतच राहील," मुजावर म्हणाले,
"पहिला अर्धा तास रेस करायची नाही,
नुसती चालू ठेवायची, घरासमोर,
शेजारी ओरडतील, ओरडू द्या."
म्हणजे आता भाजणार नाही?
"कमी भाजेल.
भाजणार नाही असं मी म्हणालो नाही."

वृंदाला सांगलीला फोटो पाठवला,
दोन्ही पुंगळ्या, गाडीवर चढवलेल्या.
खाली लिहिलं, झालं एकदाचं.
दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काही नाही.
मी गाडी चालू करून पायरीवर बसलो,
मुजावरांनी सांगितल्याप्रमाणे, रेस न करता.
समोरच्या गोखल्यांनी खिडकी लावून घेतली.

अठराव्या मिनिटाला तिचा फोटो आला.
पोटरी. एकावन्न वर्षांची,
आणि तो डाग, आता फिकट, करंजीएवढा,
कडेला किंचित जांभळट.