वुबशेत, टी.

मी मोजते.
कोणी किती लिहिलं, कोणासोबत लिहिलं,
कोणाचं नाव आधी, कोणाचं शेपटाला.
बाहिर दारला, विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर,
ग्रंथालयशास्त्राच्या एका त्रैमासिकाची चौदा वर्षं
माझ्या टेबलावर रचून ठेवलीत.
फक्त अकराव्या वर्षाचा तिसरा अंक मिळत नाही.
हेनोक म्हणतो, तो छापलाच नव्हता.
दोघांनी मात्र त्यातले संदर्भ दिलेत,
पान क्रमांकासकट.

एकट्याने लिहिलेले : एकशे शहाण्णव.
दोघांनी मिळून : दोनशे चाळीस.
पुढे पुढे माणसं वाढत जातात,
पानं तेवढीच राहतात.
एका निबंधाला लेखक अकरा, पानं सहा.
म्हणजे वाट्याला अर्ध्या पानाहून जरासं जास्त.
त्यात कोणी स्वल्पविराम घातले असतील,
कोणी नुसती बसायला खोली दिली असेल.

अस्नाके सरांचं नाव सत्तेचाळीस ठिकाणी.
तक्ता बघून सर हसले,
"मुली, छान मोजतेस. छापायला देताना
माझंही नाव घाल."

आणि आभारात, मुंगीएवढ्या टायपात,
एकच बाई एकोणीस वेळा :
तक्ते करून दिल्याबद्दल श्रीमती झेरफेशवाल.
एकोणीस वेळा तक्ते करणारीला
माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
मी आखला.
मार्गदर्शक म्हणाले, याला पद्धत म्हणत नाहीत.
पेन्सिलचाच आहे, म्हटलं. राहू दे.

मग मी स्वतःला शोधलं. कोण शोधत नाही?
नववं वर्ष, दुसरा अंक,
उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांवरचा निबंध.
त्सिगेरेदा कुठेच नव्हती.
आमच्याकडे आडनाव नसतं.
आपलं नाव, मग बापाचं, संपलं.
पण दूर कुठेतरी एका यंत्राला
आडनावाशिवाय माणूस ओळखता येत नाही,
म्हणून त्याने शेवटचा शब्द उचलला
आणि मला एका अक्षरावर आणून ठेवलं.
वुबशेत, टी.
पाच जणांनी उल्लेख केलाय.
"वुबशेतच्या निष्कर्षांनुसार."
"वुबशेत येथे अतिघाई करतो."
करतो!

वुबशेतने जन्मात घाई केली नाही.
झेगेहून जळण घेऊन यायचा, तांक्वातून,
लव्हाळ्याच्या त्या होडीतून,
जी दोन-तीन महिन्यांत पाणी पिऊन जड होते
आणि मग काठावर सोडून द्यायची असते.
दर खेपेला दोरीला एक गाठ.
दलालाची वही चुकायची, दोरी नाही.
सही म्हणजे अंगठा, तोही ओला.

माझा प्रबंध बांधून आला तेव्हा
त्याने तो दोन्ही हातांवर तोलला,
मोळी तोलावी तसा,
आणि एवढंच विचारलं :
"हे भिजलं तर?"

आमच्या शास्त्रात याला शब्द आहे, अर्धायुष्य.
किती वर्षांनी लेखन जुनं होतं,
कधी त्याला कोणी विचारेनासं होतं,
त्याचं सूत्रही आहे. मला पाठ आहे.
तेव्हा सुचलं नाही.
आता सुचून उपयोग नाही.

हेनोक म्हणाला, दुरुस्तीचा अर्ज असतो,
सहा महिने लागतात, पण होते.
मी अर्ज उघडला.
'योग्य आडनाव' अशी एक चौकट होती.
बराच वेळ बघत बसले.
खाली कोणीतरी कॉफी भाजत होतं,
वास जिन्याने वर आला, धूर खिडकीने.

अर्ज बंद केला.
तक्ता क्रमांक चार काढला,
एकशे शहाण्णव खोडून
एकशे पंच्याण्णव लिहिले.
दोघांनी मिळून : दोनशे एक्केचाळीस.

बेरीज तपासली.
तीच आली.