साडेसहा अंश

रास्ता पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
एलायजा रोहेकर पिनबॉलच्या मागच्या पायाखाली
टेलिफोनच्या जुन्या बिलाची घडी सरकवतात.
शनिवारी टेबलाला हात लावत नाहीत.
रविवारीही खरी चाचणी दोन ते चार,
खालची गिरणी झोपलेली असते तेव्हा.
"साडेसहा अंश," म्हणतात. "सहाला गोटी रेंगाळते,
सातला ती तुझं ऐकत नाही."

सांगाडा जुन्या बाजारातला.
काच नव्हती, फ्लिपरच्या जागी दोन भोकं,
आत एक पाच पैशाचं नाणं आणि उंदराचं घर.
प्लाय भवानी पेठेतून, दिवे तपकीर गल्लीतून,
रिले मात्र काकांचे स्वतःचे:
एक्स्चेंज भंगारात निघालं तेव्हा आणलेले, छत्तीस,
पुसून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले.
"ह्यांच्यातून अख्ख्या कॅम्पातली भांडणं गेलीत.
आता दहा-दहा गुण मोजतील. म्हातारपणाचं हलकं काम."

मी भोसरीच्या टूलरूममधली, डाय घासणारी.
पहिल्याच दिवशी विचारलं, ड्रॉइंग कुठंय?
त्यांनी मनगट पुढे केलं.

मी केलेला रॅम्प देखणा होता.
मराठी चारसारखा, स्वतःलाच छेदून जाणारा.
गोटी चढायची, फिरायची,
आणि डाव्या कोपऱ्यात मरून पडायची.
काका दहा वेळा खेळले, बोलले काहीच नाहीत,
मग पकड घेऊन त्यांनी तो उपटला.
"छान होता गं. पण परत देत नव्हता.
मारलेलं फिरून तुझ्याच हाताशी यायला हवं,
जरा उशिरा, जरा वेगळ्या अंगाने,
म्हणजे दुसरा फटका पहिल्यातून निघतो.
नुसतं फेकायचं तर मुठा आहे की."

फ्लिपरांमधल्या फटीवर आमचं सव्वा महिना भांडण.
मी म्हणायचे, कमी करा, गोटी वाचेल.
ते म्हणायचे, वाचणारच असलेली गोटी कोण बघतं?
दीड गोटी आणि वर नखाएवढं,
इथे आम्ही दोघं दमलो.

सगळ्यात अवघड फटक्याला त्यांनी
काळ्या फोनची घंटा लावली.
ती वाजली की आतून सेगुलाकाकू अजून विचारतात,
"कुणाचा आहे हो?"
आणि काका, गोटी सोडून, "राँग नंबर."

खेळणारं कुणीतरी परकं हवं होतं.
आफरीन मिळाली, नववीतली,
दळणाचा डबा घेऊन जिन्यात चारची वाट बघणारी.
तिची पहिली गोटी अकरा सेकंदांत गेली.
तिने टेबलाकडे पाहिलं, एक शिवी गिळली.
"टेबलावर चिडली," काका पुटपुटले,
आणि उजवीकडचा खिळा दोन सूत आत घेतला.
पुढच्या रविवारी पुन्हा टेबलाकडेच पाहिलं.
रबर बदललं. खिळा अर्धा सूत बाहेर.
दिवाळी होऊन गेली.
मग एका दुपारी गोटी मधूनच गेली, सरळ,
आणि आफरीनने पाहिलं
स्वतःच्या डाव्या हाताकडे.

काका काही म्हणाले नाहीत.
आत जाऊन चहा ठेवून आले.

तेवढ्यात चार वाजले, गिरणी सुरू झाली,
जमीन थरथरली, लंबक कडीला लागला,
टिल्ट. सगळे दिवे गेले.
आफरीन ओरडली, "मी हलवलंच नाही!"
"खरंय," म्हणाले, आणि पोटावर टेबलाखाली शिरले.
कडी मोठी केली, इतकी,
की गिरणीचं हलणं माफ,
आणि एका चिडलेल्या मुलीचा एक धक्काही माफ,
दुसरा नाही.

दळण खाली केव्हाच होऊन पडलं होतं.
ती ते घेऊन, जाता जाता परत वर आली.
आत्ता मी काच पुसतेय.
बटणांवर पिठाचे ठसे,
डावीकडे जास्त.