पाच वर्षांनी कुठे

मुलाखतीत विचारलं होतं,
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
मी खिडकीबाहेर पाहिलं. ग्रिम्सबीची गोदी,
आणि कुलूप लागलेला मासळीचा कारखाना,
जिथे बर्फात हात घालून माझी एकोणीस वर्षं गेली.
म्हटलं, इथेच. नऊ नंबरची बस चालू राहिली तर.
समोरची बाई हसली, कागदावर काहीतरी लिहिलं.

पहिल्या आठवड्यात शिकले:
औषधांच्या तक्त्यावर काळीच शाई.
दार वाजवायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं,
उत्तर येणार नसलं तरी थांबायचं,
कारण घर त्यांचं आहे, चावी फक्त आपल्याकडे.

बहीण म्हणाली, सुपरमार्केटात तासाला जास्त देतात.
देतात.
मी पगाराची चिठ्ठी घडी घालून
चहाच्या डब्याखाली ठेवत गेले.

हॉरेस टपलिन, वय बावन्न.
तीस वर्षं अशा इस्पितळात काढलेली
जिथे जिन्याला जाळीचं दार होतं.
आता दार नव्हतं, तरी तो वरच्याच पायरीवर बसायचा,
खालच्या टीव्हीचा आवाज ऐकत.
फाइलमध्ये एक ओळ: जिना – दोन माणसांची मदत.
मी दुसरं माणूस शोधलं नाही.
त्याच्या शेजारी बसले.
कपडे घड्या करायचे ते तिथेच, फोन घ्यायचे ते तिथेच.
चौदा पायऱ्या.
पहिली उतरायला जानेवारी ते मे लागले.
सहावीवर तो अडला, आणि मीही,
कारण त्याच हिवाळ्यात माझा नवरा गेला
आणि मला कुठेच उतरायचं नव्हतं.
हॉरेसने तेव्हा स्वतःचं बिस्किट मोडून
अर्धं माझ्या गुडघ्यावर ठेवलं.
त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची
हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग मला बढतीसाठी लिंकनला पाठवलं, तीन दिवस.
हॉटेलात कॉफी, फळ्यावर शिडीचं चित्र,
आणि शिडीच्या टोकाला एक बाण, थेट आभाळात.
परत आले तर नोंदवहीत रिमासचं तिरकं अक्षर
(तो लिथुआनियाचा, रात्रपाळीला नवीन):
"११.२०. हॉरेस खाली आले. एकटे. टीव्हीचा चॅनल बदलला."

दोन वर्षं बसले होते मी त्या जिन्यावर
आणि नेमकी तेव्हाच नव्हते.
घशात काहीतरी आलं. आधी तो राग होता, खोटं का बोलू.
मग ती ओळ पुन्हा वाचली.
*चॅनल बदलला.*
म्हणजे तीस वर्षं त्याला
दुसरं काहीतरी बघायचं होतं.

आता मला केबिन आहे, खुर्चीला चाकं आहेत,
बजेटच्या तक्त्यात लाल आकडे आहेत,
आणि नगरपालिकेशी भांडताना
माझा आवाज कारखान्यातल्यासारखा चढतो.
गुरुवारची पाळी मात्र मी कुणाला देत नाही.
गेल्या महिन्यात आमच्या एस्मेबाईंच्या दफनाला
चार माणसं होती, त्यातली तीन आमची.
चौथा पाद्री.
तिच्या आवडीची जांभळी टोपी मी बरोबर नेली होती,
तिचं काय करावं ते सुचेना,
म्हणून शेवटी घालूनच उभी राहिले.

आज समोर केझिया आहे, बावीस वर्षांची,
नखांवरचा रंग खरवडणारी.
छापील फॉर्मवर तोच प्रश्न, पाचव्या क्रमांकावर.
मी विचारला. तो गाळायची परवानगी नाही.
ती गप्प झाली. मी मध्ये बोलले नाही.
खाली कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.
तिने तिकडे कान दिला, मग माझ्याकडे पाहिलं,
म्हणाली, माहीत नाही. खाली कोण आहे?

मी फॉर्मवर काहीतरी लिहिलं.
मग पेनाला टोपण लावून म्हटलं,
चल, ओळख करून देते.
दार वाजव हं. आणि थांब.