आधी कुठं बसला होता

लातूर, मुख्य कचेरी. रात्रीचे साडेनऊ.
उदगीरला फोन लावते : कोनाळे, शाखेतले सगळे आत या.
आले. पहिल्या सर्व्हरवर.
औशाच्या शमीमबी, तुमचे? तेही पहिल्यावर.
निलंगा, अहमदपूर, रेणापूर,
तीन काटे मोकळे असताना
एकाच काट्यापुढं पोत्यांची थप्पी लागावी तसे.
बाकीचे दोघे पंखे फिरवत गार.

खोट माझीच निघाली.
वजनाच्या रकान्यात शंभराऐवजी हजार.
घाईत दाबलं गेलेलं एक शून्य.
पुसलं.
नुसती खिडकी मिटू नका, नीट लॉग ऑफ करा,
मग परत या.
"जेवून येऊ का, मॅडम?" कोनाळे.
एकदाच, म्हटलं.
अकरा, बारा, अकरा.
बोटं ठेवून पुन्हा मोजले.

मग दुसऱ्याला सांगून बघितलं :
नवा घेऊ नको, बसलेला उठवू नको.
ऐकलं त्यानं,
शेवटच्या पंगतीच्या वाढप्यासारखं.

तिसऱ्यावर मात्र एक जुनं नाव लोंबतंय :
मन्मथ बिडवे, देवणी. तुटलेलं सत्र, सहा दिवस.
पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय त्यांचं.
काढून टाकावं म्हणून माउस नेते
तर तेच घरून आत येतात.
ब्रोकर, म्हणजे आपला दलालच,
गर्दी मोजत नाही, मोकळी जागा बघत नाही,
हाताला धरून नेतो थेट तिसऱ्यावर.

फोनवर आधी खोकला. मग,
"बाई, माझं व्हाउचर तसंच हाय की ओ.
तीनशे चाळीसच्या पुढं काडी लुकलुकायली."

शून्य तेवढं मोजून टाका, म्हटलं.