सरळ जा

धक्क्याचा उतार शेवाळानं निसरडा.
त्याच्या पुढं नदी.
फोनमधली बाई म्हणते, सरळ जा.
चारशे मीटर सरळ जा.

तिला दिसते एक निळी रेघ
नार्व्याच्या या टोकापासून
पलीकडं दिवाडीपर्यंत, कुठं न तुटलेली.
रेघ खोटी नाही.
ती रेघ म्हणजे आम्हीच :
मी, इनास तांडेल
आणि हे गंजकं लोखंड,
जे रात्री दहानंतर झोपतं.
एवढं शेवटचं तिला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून ड्युटी संपल्यावरही
मी थोडा वेळ थांबतो इथं, टॉर्च घेऊन.
याचा पगार नाही.
घरी विचारतात, कुणासाठी?
मला तरी कुठं ठाऊक असतं,
वळणावर दिवे दिसेपर्यंत.

त्या रात्री काळ्या पाटीची भाड्याची गाडी आली,
पुढची चाकं पाण्यात गेल्यावर थांबली.
सोलापूरचा मुलगा. शेजारी बायको, मागं लेक.
काच खाली करून म्हणाला,
काका, रस्ता कुठं गेला?
म्हटलं, झोपलाय. सकाळी सहाला उठेल.

त्याला हसू आलं नाही.
त्यानं मला खोली दाखवली फोनवर,
पैसे भरून झालेली,
पांढरी मच्छरदाणी, खिडकीत नदी,
तीच नदी, दुसऱ्या बाजूनं.
खाली लिहिलेलं : पाच मिनिटांवर.
मी समोर बोट केलं.
तो बघ, हर्मिनाबाईच्या पडवीतला दिवा.
पाच मिनिटं आणि आठ तास.

माझा बाप या तारीवरचा तारी.
तेव्हा लोक काठावरून हाळी द्यायचे,
तारीऽ गाऽ
आणि तो जेवणावरून उठायचा.
खरकटा हात नदीतच धुवायचा.
आता होडी नाही, हाळीही नाही.
मी पोरीच्या हातात टॉर्च दिली.
म्हटलं, तीनदा दाब.
पलीकडं पडवीतला दिवा
विझला, लागला. विझला, लागला.
आणि पोर गाडीतच झोपली,
पोचल्यासारखी.

सकाळी पहिल्या बोटीत
पोदेराची सायकल, शाळेच्या दोन बाई,
मासळीची पाटी, आणि ती गाडी.
भरती होती. इनासनं बोट तिरकी घेतली,
आधी वर, मग पाण्यासोबत खाली,
माझा बाप घ्यायचा तशीच.
फोनमधली बाई घाबरली.
शक्य असेल तिथे मागे वळा, म्हणाली,
भर नदीत.
पोरगी एवढी हसली
की पोदेरानं तिला एक पाव दिला,
गरम, नुसताच.

पंधरा दिवसांनी भाच्यानं दाखवलं,
मी आलोय फोनमध्ये. पाठमोरा.
खाली चार तारे.
एक कापला, कारण फेरी बंद होती.
तारीच्या पोराला चार तारे,
बरे म्हणायचे.
भाच्यानं नकाशाला कळवलंही,
रात्री दहा ते सहा इथं रस्ता नसतो.
उत्तर लगेच आलं : आभारी आहोत, तपासत आहोत.
त्याला आता सात महिने झाले.

मधल्या काळात लोक यायला लागले.
टॉर्चवाले काका तुम्हीच का?
एकदा भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना,
मी ती पेटवून उभा राहिलो फोटोसाठी.
इनास हसता हसता चाकावर आडवा.
प्रकाश आलाच नाही फोटोत.
नुसता माझा हात दिसतो,
काहीतरी देऊ करणारा
किंवा मागणारा.

आज ओहोटी आहे.
खारफुटीची मुळं उघडी पडलीत, चिखलाचा वास.
सव्वादहा.
वळणावर कुणीतरी गिअर बदलतंय.
काचा बंद, तरी मला ऐकू येतं
ती काय सांगत असणार ते.
मी लुंगीचा सोगा खोचतो
आणि उताराच्या मधोमध
जाऊन उभा राहतो.