बरणी

मेच्या दुसऱ्या रविवारी, सत्तेचाळीसच्या उन्हात
उत्पलानं फर्मान काढलं :
बाबा, आपण बर्फ करू.

फ्रीजमधला नाही. पडणारा.

बरणी लोणच्याची, गेल्या सालची.
तीनदा धुतली, लिंबानं घासली, गच्चीवर उलटी ठेवली,
तरी झाकणातला हिंग काही जाईना.
पाणी जड व्हावं म्हणून ग्लिसरीन.
मेडिकलवाला म्हणाला, ओठ फुटले का भाऊ, असल्या उन्हात?
मी म्हटलं, हो.
बर्फ म्हणालो असतो
तर ऐकायला अजून चौघे उभे होते.

थर्माकोल वर जाऊन बसला,
खाली यायचं नावच घेईना.
साबुदाणा फुगला.
शेवटी अंड्यांची टरफलं, सकाळच्या बुर्जीची, सहा,
आतला पापुद्रा सोलून खलबत्त्यात.
मी कुटत होतो तर म्हणते,
फार बारीक नको बाबा,
बारीक पडत नाही, नुसतं गढूळ करते.

आठ वर्षांची आहे.
मी एकोणीस वर्षं कोराडीच्या प्लांटवर, राखेच्या खात्यात.
कुठला कण किती वेळ वर राहतो
हे खरं तर मी सांगायला हवं होतं.

घर एम-सीलचं. दोन खोल्या, आमच्याच क्वार्टरसारख्या.
टूथपेस्टचं टोपण : छतावरची टाकी.
कूलरच्या जळक्या मोटरीतली तांब्याची तार
दोन काड्यांना बांधली, कपडे वाळवायला.
तिच्यावर लाल फुग्याचा तुकडा.
हा माझा फ्रॉक, ती म्हणाली.

झाकण पिळून बसवलं. कडेनं मेण.
उलटी केली, सुलटी केली,
आणि पडायला लागलं.
हळू. खरंच हळू.
टाकीवर, छतावर, फ्रॉकवर.

सुकेशिनी झोपेतून उठून आली,
डोळे अर्धे मिटलेले, पदरानं मान पुसत.
पाहिलं, आणि म्हणाली,
उत्पला, कपडे काढ आधी, राख पडून राहिली.

कुणीच काही बोललं नाही.
मी खिडकीकडे बघायचं टाळलं,
तिकडून चिमण्या दिसतात.

मग उत्पला म्हणाली, समजावल्यासारखं :
आई, ते कपडे पाण्यात आहेत.
ते कधी वाळणारच नाहीत.

रात्री बरणी कूलरवर ठेवून झोपली.
कूलर थरथरतो, त्यानं आतलं खाली बसेना.
मी डबा घेऊन नाइटला निघालो तेव्हा
आमच्या घरावर पडतच होतं.

सकाळी आलो. बूट बाहेर झटकले, रोजच्यासारखे.
लाइट गेलेली. कूलर बंद.
दोघी घामात झोपलेल्या, पंख्याखाली, पंखाही उभा.
बरणीत सगळं तळाशी बसलं होतं,
लाल फ्रॉक मात्र दिसत होता.
काच धुरकट वाटली म्हणून अंगठ्यानं पुसली.
ती बाहेरून होती.

अंगठा पॅंटला पुसला.
मग बरणी उलटी केली, एकदाच.
कुणी जागं नव्हतं.